उणा वाटा

“आणि तिला?” दिनाने विचारलं.

केतुराने ऐकलं न ऐकलंसं केलं. साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये थोरली बहीण दिसत होती. तिच्यामागे इस्राएलमधल्या अश्दोदचं लख्ख ऊन आणि कोपऱ्यात दिनाच्या नवऱ्याची अर्धी टोपी. एलियाहू हन्नाबीचं गाणं त्यानेच म्हटलं होतं, फोनवरून. स्टॅनमोरात, या इंग्रजी गावात, बेने इस्राएल ज्यूंची घरं मोजायला एका हाताची बोटंही जास्तच व्हायची. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष आणायचे कुठून? म्हणून नवसाच्या मलिद्याचे पोहे इथे भिजले, गाणं तिकडून आलं आणि आमेन दोघी बहिणींनी मिळून म्हटलं.

“केतू, मी काय विचारते गो? त्या दुकानातल्या बाईला देणार आहेस?”

“तिचं नाव हनान आहे.”

“नाव ठाऊक आहे मला. देऊ नकोस.”

“आई काय सांगायची, विसरलीस? ज्याच्या शेजारी बसून रोज घास खातो, त्याचा वाटा चुकवायचा नाही. एक जरी चुकला तरी नवस उणा राहतो.”

“आईला काय माहीत होतं? आईचे शेजारी म्हणजे रेवदंड्याचे कोळी आणि सोनार.” दिना आवाज खाली आणून म्हणाली, “कशाचा मलिदा म्हणून विचारलंन तर काय सांगशील?”

केतुराने खोबऱ्याचा कीस पोह्यांत मिसळला. वेलदोड्याची पूड घातली, बेदाणे घातले. हात मुरलेला होता, तो आपला आपण चालत होता.

“नदाव काय करतोय?” तिने विचारलं.

“बसलाय, दाराजवळ. कायम दाराजवळच बसतो. टीव्हीवर रोज शांततेच्या गप्पा चालतात. मी म्हणते, मला ती मोठी शांतता नको. माझा मुलगा जेवताना चार शब्द बोलला तरी पुष्कळ. आमटीत मीठ नाही म्हणून ओरडला तरी चालेल.” दिनाने पदर नसताना पदराने पुसावेत तसे हाताने डोळे पुसले. “जा तू, उशीर होईल. आणि माझं ऐक.”

केतुराने मलिदा स्टीलच्या डब्यात भरला. एक वाटी वेगळी काढून तिच्यावर झाकण लावलं.

पुरुषोत्तमभाईंचं ड्रायक्लीनिंगचं दुकान टेकडीच्या पायथ्याशी होतं. पुढे काउंटर, मागे टेकडीत अर्धी पुरलेली शिवणाची खोली. खोलीत दोन मशिनं, एक इस्त्री, मधोमध कापड कापायचं मोठं टेबल आणि वर एक खिडकी, जिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. नवरा गेल्यावर केतुरा इथे कामाला लागली, त्याच महिन्यात हनानही. शाळेचे गणवेश लांब करायचे, वकिलांच्या विजारी आखूड करायच्या, पुण्या-नागपूरच्या मुलींचे ब्लाऊज बाळंतपणानंतर उसवायचे, आत शिवणीत माया सोडलेली असली तर. आठ वर्षांत दोघींनी अर्ध्या स्टॅनमोरची मापं पाठ केली होती. बोलणं इंग्रजीत चाले, आपापल्या ठेचा खात. पहिल्याच आठवड्यात हनानने विचारलं होतं, “तू ज्यू, मी गाझाची. आपण भांडायचं का?” केतुरा म्हणाली होती, “आधी ही चेन बसवू. मग बघू.” ते भांडण तसंच राहून गेलं.

हल्ल्याच्या त्या ऑक्टोबरातल्या शनिवारनंतर पहिल्या दिवशी हनान दुकानात आली ती पर्ससुद्धा न ठेवता म्हणाली, “तुझी बहीण?” दिना जिन्याखाली बसून राहिली होती आणि तिच्या शेजारणीची मुलगी नाचायला म्हणून गेली होती ती परत आली नव्हती. हनानने केतुराचा हात धरून ठेवला होता. मग वारं फिरलं. रोज सकाळी केतुरा विचारायला लागली, “तुझी बहीण?” आणि जानेवारीत एका मंगळवारी हनानने उत्तर दिलं नाही. खान युनिसला तिची बहीण अमाल, तिच्या दोन मुली आणि घर, सगळं एकदम गेलं होतं. केतुराने तिला या खोलीत, याच दोन मशिनांच्या मधे, जमिनीवर बसून कवेत घेतलं होतं. तिचं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून पुरुषोत्तमभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं.

केतुराने हनानला सांगितलं नाही ते एवढंच, की त्याच जानेवारीत नदाव खान युनिसमध्ये होता.

भाचा काय करतो, असं हनानने एकदा सहज विचारलं तेव्हा केतुरा म्हणाली होती, “शिकतो.” त्या एका शब्दावर तिने दोन वर्षं काढली. रोज सकाळी हनान मशिनपाशी बसली की आधी फोन काढायची आणि गेलेल्या अमालच्या नंबरावर छोटासा निरोप बोलून पाठवायची. सबाह अल-खैर. सुप्रभात. कधी वर दोन वाक्यं, पावसाची, मुलाच्या शाळेची. निरोपाखाली एकच राखाडी खूण उमटायची. पोचल्याची दुसरी कधी उमटायची नाही. मग हनान फोन पालथा ठेवून सुई ओवायची. ती दोन मिनिटं केतुराच्या अंगावर काटा असायचा. कोणी तरी खोलीत आल्यासारखं वाटायचं. बसायला जागा शोधत असल्यासारखं. आणि दरवेळी डोळ्यांपुढे नदाव यायचा, चाळीस दिवसांचा, तिच्याच हातात न्हाऊ घातलेला, आणि लगेच नदाव सैन्याच्या बुटांतला.

त्या सकाळीही हनानने निरोप बोलून फोन पालथा ठेवला. केतुराने वाटी तिच्या मशिनजवळ सरकवली.

“हे काय?”

“मलिदा. आमच्याकडचं. घरचं होतं काहीतरी.”

हनानने झाकण उचलून वास घेतला. “वेलची. छान. लंचला खाईन, आत्ता बोटांना तेल आहे.” तिने झाकण परत ठेवलं.

अकराच्या सुमारास देवयानी आली. ब्रॅकनेलच्या कुठल्या कंपनीत ती कामाला होती आणि गुरुवारी घरून काम करायची. म्हणजे गुरुवारी ती सगळीकडे असायची. पुढ्यात बाबागाडी, गाडीत दोन वर्षांची अन्वी, एका पायात मोजा.

“हाय केतुराताई! अहो, ब्लाऊज ट्राय करायला आले. आणि एक रिक्वेस्ट आहे, आधी नाही म्हणू नका.” मग हनानकडे वळून तिने तेच इंग्रजीत सुरू केलं. लायब्ररीत शनिवारी बायकांची बैठक होती. शांतता म्हणजे माझ्यासाठी काय, प्रत्येकीने पाच मिनिटं बोलायचं. “तुम्ही दोघी एकाच खोलीत काम करता! इट्स सो पॉवरफुल! नुसत्या शेजारी बसलात तरी पुरे.”

“फोटो काढणार?” हनानने मान वर न करता विचारलं.

“नाही, म्हणजे... न्यूजलेटरसाठी एखादा.”

“पाच मिनिटांत मला माझ्या बहिणीचा पत्ता सांगता येईल फक्त,” हनान म्हणाली. “तेवढंच येतं मला शांततेबद्दल. नको.”

देवयानीचा चेहरा पडला. मनाची चांगली मुलगी होती ती. केतुराने तिला सावरायला म्हणून मराठीत म्हटलं, “मला तरी काय कळतंय गं त्यातलं. मी चेनी बदलते. ये, हात वर कर, बाही बघू दे.”

अन्वीने तेवढ्यात गाडीतून वाकून टेबलावरच्या डब्याला हात घातला होता. “खाऊ!”

“अय्या, गोडाचे पोहे? काय सुंदर वास येतोय! आमच्याकडे माझी आत्या करायची, पण ते दडप्यासारखे.”

“मलिदा आहे. दे तिला, बेदाणे काढून दे.” केतुराने स्वतःच चमचाभर मलिदा अन्वीच्या तोंडात घातला. मूल चाखत राहिलं, आणि केतुराला एकदम फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत आपल्या भाषेत आपल्या घरचं कोणी विचारलं नव्हतं.

“कसला मलिदा, ताई? सण आहे का तुमचा?”

“नवसाचा. भाचा माझा, लढाईवरनं सुटून आला. आता परत नाही बोलावणार म्हणतात.”

“ओह! कुठे होता?”

केतुराच्या तोंडात टाचण्या होत्या. मराठीत बोलताना केतुराला नेहमी घराची कडी आतून लावल्यासारखं वाटायचं. तिच्या मागे चार हातांवर हनानचं मशीन चाललं होतं, पण ते कडीच्या बाहेर. “कुठे कुठे होता,” ती म्हणाली, “जास्त करून खान युनिसला. त्या थंडीत.” नाशिकला होता म्हणावं, तसं.

मशीन थांबलं.

थांबलं म्हणजे टीप संपल्यावर थांबतं तसं नाही. अर्ध्यातच. केतुराने मागे वळून पाहिलं नाही. तिने देवयानीच्या बाहीला टाचणी लावली, ती वाकडी लागली, काढून पुन्हा लावली. देवयानीला काहीच कळलं नव्हतं. ती बोलत होती, अन्वी हात चाटत होती. “बाय ताई, मंगळवारी येते हं,” म्हणत गाडी ढकलत ती बाहेर पडली आणि दाराची घंटा वाजून थांबली.

“तू खान युनिस म्हणालीस,” हनान म्हणाली.

केतुराला उत्तर आयतं सुचलं. इतकं गोळीबंद की तोंडापर्यंत आलंच होतं. तुझ्याच बहिणीबद्दल सांगत होते तिला. हनानने त्यावर विश्वास ठेवला असता. कदाचित डोळे पुसले असते आणि दुपारी वाटीतला मलिदा खाल्ला असता. नवसही पुरा झाला असता.

तिने तोंडातल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या.

“माझा भाचा तिथे होता,” ती म्हणाली. “सैन्यात. तो शिकत नव्हता. मी खोटं सांगितलं तुला.”

“कधी?”

“जानेवारीत. फेब्रुवारीत पण.”

“त्याने काय केलं तिथे?”

“मी विचारलं नाही.”

“का?”

“भीती वाटली.”

“कसली? त्याने काय केलं असेल त्याची, की मला सांगावं लागेल त्याची?”

केतुराने खरंखुरं आठवून पाहिलं. “दोन्हीची. पण तुझी जास्त.”

हनान उठली. कोट न घालताच मागच्या दाराने बाहेर गेली, जिथे कचऱ्याचे मोठे डबे असतात. खिडकीतून तिचे पाय दिसत होते. ते चार पावलं जात, चार पावलं येत. एकदा थांबले, ते बराच वेळ थांबले. केतुराला वाटलं, आता गेलीच. पुरुषोत्तमभाईंना काय सांगायचं, ही खोली उद्या कशी दिसेल, समोरच्या मशिनवर कोण बसेल, असले भलतेसलते विचार तिच्या मनात येऊन गेले. मग पाय पुन्हा हलले, आणि दार उघडलं.

हनानचं नाक थंडीने लाल झालं होतं. तिने आधी ती वाटी उचलली आणि केतुराच्या बाजूला आणून ठेवली. आपटली नाही.

“हे त्याच्यासाठीच ना? तो परत आला म्हणून?”

“हो. आमच्यात वाटा सगळ्यांना द्यावा लागतो. नाहीतर नवस उणा राहतो.”

“तो परत आला. मला बरं वाटायला हवं. तुझा मुलगाच आहे तो. मी बाहेर उभी राहून बघत होते, बरं वाटतंय का. नाही वाटत.” तिने वाटीवरचं झाकण सरळ केलं. “खोटंखोटं खाऊ?”

“नको.”

“मग तुझा नवस?”

“राहील उणा.”

“राहू दे,” हनान म्हणाली. ते तिने शाप दिल्यासारखं म्हटलं नाही, आणि माफ केल्यासारखंही नाही. कापड पुरणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हटलं.

दोघी आपापल्या खुर्चीत बसल्या. कुणीच मशीन सुरू केलं नाही. पुढे पुरुषोत्तमभाई कुणाला तरी शर्टांचा हिशोब समजावत होते. हनान म्हणाली, “त्याला फोन लाव.”

“हनान...”

“मला भांडायचं नाही. माझ्याकडे त्या घराचा शेवटचा फोटो डिसेंबरचा आहे. त्यानंतर तिथे कोण होतं? अमाल होती, ती नाही. शेजारी होते, ते नाहीत. कोणी पाहिलं असेल तर या मुलांनीच पाहिलं असेल. मला फक्त विचारायचंय, काय पाहिलं.” तिने केतुराचा फोन तिच्यापुढे सरकवला. “आणि मी इथे आहे हे सांग त्याला. मला चोरून ऐकायचं नाही.”

केतुराने फोन लावला. नदावने लगेच उचलला. दाराजवळच बसला असेल.

“मावशी? काय झाला? तू काम नाही गेली?”

त्याचं मराठी आईच्या स्वयंपाकघरात शिकलेलं होतं. सगळ्या वस्तू पुल्लिंगी. केतुराने त्याला सांगितलं. दोन वर्षं न सांगितलेलं पाच वाक्यांत सांगून झालं. माझी मैत्रीण, तिची बहीण, दोन मुली, जानेवारी, शाळेजवळचं घर, आणि ती इथे माझ्या शेजारी बसली आहे. तिने फोन कानापासून काढून पाहिला, चालू आहे ना.

“तिला विचार,” शेवटी नदाव म्हणाला, “कुठला बाजू. शाळेच्या.”

हनानने टेबलावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारले. टेबलावर गडद निळं मेणकापड ताणलेलं होतं. तिने खुणा करायचा पांढरा खडू घेतला आणि त्यावर रेघ ओढली. हा रस्ता. ही शाळा. ही पाण्याची टाकी. बेकरी. इथून आत गल्ली, डावीकडे तिसरं घर, निळं लोखंडी गेट. ती इंग्रजीत सांगत होती, केतुरा मराठीत सांगत होती, आणि तिकडे कुणीतरी डोळे मिटून ऐकत असावं असं वाटत होतं.

“निळा गेट खूप होता, मावशी,” नदाव म्हणाला. “सगळा गेट निळा होता.”

केतुराने ते सांगितलं. हनानने मान हलवली. “खरं आहे. सगळे निळाच रंग लावतात.” आणि पहिल्यांदाच तिने त्या फोनकडे, एखाद्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

“टाकी मी बघितला. शाळा बघितला. गल्ली...” तो अडला. “आम्ही रात्री आला. सकाळी गल्ली नव्हता. मला नाही माहीत तिचा घर कुठला. मावशी, मी खोटा नाही बोलत.”

“तो खोटं बोलत नाही म्हणतो.”

“कळतंय मला,” हनान म्हणाली.

मग कुणी न विचारता तो बोलायला लागला. टाकीच्या अलीकडच्या एका घरात ते तीन रात्री झोपले होते. खोलीत शिवणाचं मशीन होतं, मावशीकडे आहे तसं. “कापड होता सुईखाली. लहान मुलीचा फ्रॉक, पिवळा. अर्धा झाला होता. मी मशीनला हात नाही लावला. सगळा लोक तिथे बॅग ठेवत होता, मी म्हणाला, तिथे नका ठेवू.” त्याचा आवाज लहान होत होत नाहीसा झाला. मागून दिनाचा आवाज आला, “नदाव? कोणाशी बोलतोस रे? नदाव, रडतोस?”

केतुराने सगळं सांगितलं, मशिनचं, फ्रॉकचं. सांगताना ती हनानच्या चेहऱ्याकडे पाहू शकली नाही. तिने खडूच्या रेघांकडे पाहिलं.

“ते अमालचं नाही,” हनान म्हणाली. “अमालला बटणसुद्धा लावता यायचं नाही. मी इथून शिवून पाठवायची.” ती हसणार होती, पण हसू आलं नाही. “दुसऱ्या कुणाचं तरी आहे.”

तिने खडू पुन्हा उचलला.

“विचार त्याला, ते घर टाकीच्या कुठल्या बाजूला होतं. त्या बाईलाही कोणीतरी शोधत असेल.”

नदावने सांगितलं. टाकी, मग पडकी भिंत, मग दोन घरं, मग ते. हनानने ते घर काढलं, गल्लीतल्या इतर घरांएवढंच, आणि आत एक बारीक चौकोन काढला, मशिनचा. खाली अरबीत काहीतरी लिहिलं. केतुराने विचारलं नाही.

चार वाजता हनान मुलाला शाळेतून आणायला निघाली, रोजच्यासारखीच. कोट घालताना म्हणाली, “उद्या येते.” किंवा “उद्या बघते,” म्हणाली असेल. केतुराने त्यातलं हवं ते ऐकलं असेल.

बाहेर अंधारून आलं होतं. पुरुषोत्तमभाई पडद्यांचा भला मोठा गठ्ठा खांद्यावर घेऊन आत आले. “केतुराबेन, अर्जंट आहे. चौदा फुटाचे आठ पडदे, उद्या दहाला माणूस येतो. आज कापून तरी ठेवा.” टेबल पाहून ते म्हणाले, “अरे, हे काय पोरांनी गिरगटलं?” आणि त्यांनी ओलं फडकं उचललं.

“राहू द्या,” केतुरा म्हणाली.

“मग कापणार कुठे?”

“कापते मी. तुम्ही जा.”

ते गेल्यावर तिने खुर्च्या भिंतीला लावल्या, जमीन झाडली, वर्तमानपत्रं अंथरली. पहिला पडदा उलगडून जमिनीवर पसरला. गुडघे तिचे गेल्या हिवाळ्यापासून धरत होते. आधी एक हात टेकला, मग एक गुडघा, मग दुसरा. टेबलाच्या पायाचा आधार घ्यायला गेली, पण टेबल हलून वरच्या खडूच्या रेघा फिसकटतील म्हणून हात आवरला. मग मापाची पट्टी तोंडात धरून, कात्री पुढे सरकवत, ती रांगत रांगत पडद्याची चौदा फुटांची कड कापू लागली.